डोणीचं फावडं

‘मी बाबा स्पेडला स्पेडच म्हणतो,’ असं म्हणत कुणी खुर्ची पुढे ओढली की ओळखावं, आता कुणाचा तरी उद्धार होणार. गंमत म्हणजे, जे आहे त्याला तेच म्हणा असं बजावणाऱ्या या इंग्रजी वाक्प्रचारात मुळात स्पेड, म्हणजे माती खणायचं हत्यार, नव्हतंच. डोण होती.

ग्रीसमधल्या ओलिंथसच्या लास्थेनिसने आणि त्याच्या साथीदारांनी मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याला आतून मदत केली, इ.स.पू. 348 मध्ये शहर पडलं. हीच मंडळी फिलिपकडे गाऱ्हाणं घेऊन आली, की तुमची माणसं आम्हाला गद्दार म्हणतात. फिलिप म्हणाला, आमचे लोक अडाणी, गावंढळ. डोणीला डोणच म्हणतात. किस्सा ग्रीक लेखक प्लूटार्कने नोंदवलेला. उत्तर समजूत काढल्यासारखं, पण ‘तुम्ही गद्दार नाही’ एवढं मात्र त्यात कुठेच नाही!

मूळ शब्द ‘स्काफे’. पोखरून केलेली वस्तू: काथवट, पाण्याची डोण, एका खोडातून कोरलेली होडीसुद्धा. मराठीतली डोण-डोणीही गुरांना पाणी पाजते आणि खाडीतही तरते, त्यामुळे शब्द चपखल बसतो. मनगटातल्या एका हाडाला डॉक्टर स्कॅफॉइड म्हणतात, तेही याच होडीच्या आकारावरून.

1531 मध्ये डच पंडित इरॅस्मसने थोरामोठ्यांच्या वचनांचा लॅटिन संग्रह काढला, त्यात या स्काफेचं ‘लिगो’ झालं. ग्रीकमध्ये खणण्याच्या हत्याराला ‘स्काफेइओन’ म्हणतात, दोन्ही शब्दांचं मूळ एकच. तिथेच पाय घसरला असावा. लिगोचं पातं दांड्याला आडवं बसवलेलं, माती स्वतःकडे ओढायची. म्हणजे जवळजवळ आपलं फावडंच. 1542 मध्ये निकोलस यूडलने तो संग्रह इंग्रजीत आणला आणि लिगोचं स्पेड केलं: पातं दांड्याच्या रेषेत सरळ, वरच्या कडेवर पाय देऊन जमिनीत दाबायचं. योग्य नावाने हाक मारायचा आग्रह धरणाऱ्या वाक्याने वाटेत दोनदा नाव बदललं. आणि यूडलच्या वाक्यात हे कौतुक नव्हतंच. दुसरा शब्द सुचण्याइतकी या लोकांना अक्कल नाही, असा सूर होता. रोखठोकपणाची फुशारकी मागाहून चिकटली.

पत्त्यातलं स्पेड, म्हणजे इस्पिक, हे प्रकरण निराळं. ते इटालियन ‘स्पादा’वरून, म्हणजे तलवारीवरून आलं. काळाकुट्ट इस्पिक एक्का हाताशी धरून अमेरिकेत 1920 च्या दशकात कृष्णवर्णीयांसाठी हाच शब्द शिवी म्हणून वापरात आला. वाक्प्रचाराशी तिचं नातं नाही, तरी तिकडे बरेच जण तो तोंडात आणत नाहीत. कानाला व्युत्पत्ती थोडीच कळते.

मराठी हार्डवेअरवाल्याकडे स्पेड मागितलं, तर तो बहुधा फावड्याचं पातं काढून ठेवतो आणि विचारतो, ‘दांडा बसवून देऊ?’