केंद्रातून घरी परतल्यानंतरचे दिवस

गर्द, म्हणजे अफूपासून बनणारे हेरॉइन, ओढणारा मुलगा महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून, टर्कीचे, म्हणजे नशा तुटल्यावर होणाऱ्या त्रासाचे, दिवस सोसून, चार किलो वजन वाढवून घरी परतला की घरच्यांना वाटते, सुटलो एकदाचे. रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करताना मला मात्र याच दिवसांची सर्वांत जास्त धास्ती वाटत आली आहे. नशा बंद झाली की ती पेलण्याची शरीराची क्षमता झपाट्याने उतरते, पण मनातली ओढ तितक्या लवकर जात नाही; त्यामुळे पाऊल घसरले आणि त्याने पूर्वीएवढीच मात्रा घेतली, तर तीच मात्रा त्याचा श्वास थांबवू शकते. तुरुंगातून सुटणाऱ्यांचेही असेच होते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका तिथल्या इतर रहिवाशांच्या १२९ पट आढळला.

घरच्यांची फसगत होते ती घोरण्यामुळे. पोरगा गाढ झोपला आहे, म्हणून कोणी उठवत नाही. वास्तविक तो जीभ मागे पडल्याने अडकत येणारा श्वास असतो. हाक मारून, खांदा जोरात हलवूनही जाग येत नसेल, ओठ आणि नखे निळसर पडली असतील, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर ती झोप नव्हे.

यावर नॅलोक्सोन हे औषध आहे. मेंदूतील ज्या जागा अफूजन्य पदार्थांनी अडवलेल्या असतात, तिथून ते त्यांना हुसकावून लावते आणि काही मिनिटांत श्वास पूर्ववत होऊ लागतो. अमेरिकेत त्याला १९७१ साली मान्यता मिळाली, तरी पुढची पंचवीस वर्षे ते बहुतांशी डॉक्टरांच्याच हाती राहिले. १९९६ च्या सुमारास शिकागोतील कार्यकर्त्यांनी ते थेट नशा करणाऱ्यांच्या हाती द्यायला सुरुवात केली, कारण शेजारी असतो तो मित्र, डॉक्टर नव्हे. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हीच शिफारस केली आणि २०२३ पासून त्याचा नाकात मारायचा फवारा अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळतो. आपल्याकडे ते अजूनही मुख्यतः रुग्णालयाच्या कपाटात इंजेक्शनच्या रूपात असते. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने भारतात अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांची संख्या सुमारे २ कोटी २६ लाख सांगितली असताना ही स्थिती मला असह्य वाटते.

दुसरे औषध बुप्रेनॉर्फिन, हेही अफूजन्य गटातलेच, पण उपचारासाठी दिले जाणारे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या केंद्रांत जिभेखाली ठेवायची ही गोळी कर्मचाऱ्यांसमोर दिली जाते. तिने ओढ आवरते आणि ओव्हरडोसचा धोका कमी होतो. ‘एक नशा सोडवून दुसरी लावता’ हा आक्षेप नातेवाईक घेतात तेव्हा त्यांची काळजी समजते, पण मधुमेह्याचे इन्सुलिन आपण महिन्याभरात बंद करत नाही.

केंद्रातून घरी सोडताना पालकांना जवळ बसवून एवढे तरी सांगितलेच पाहिजे: तो पुन्हा घेईल ही शक्यता गृहीत धरा आणि तसे झाल्यास ते तुमच्यापासून लपवण्याची वेळ त्याच्यावर आणू नका. बेशुद्ध आढळला तर १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, मंद किंवा बंद असेल तर तोंडाने श्वास द्या. रुग्णालयात इंजेक्शननंतर तो उठून बसेल, टर्की सुरू झाल्याने चिडेल, घरी जायचा हट्ट धरेल. त्याला जाऊ देऊ नका. नॅलोक्सोनचा असर तासा-दीड तासात ओसरतो, शरीरातले अफूजन्य द्रव्य मात्र त्याहून जास्त वेळ टिकू शकते आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो.