उजनीच्या पाण्याखालची जुनी रेल्वेलाइन

धरणातल्या गाळाचा सर्व्हे म्हणजे तसं कंटाळवाणं काम. बोटीच्या बाजूला ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारं उपकरण, बांधायचा, वर जीपीएसचा अँटेना, आणि शेत नांगरल्यासारखं या काठावरून त्या काठाला जायचं, वळायचं, परत यायचं. धरण भरलेलं असतानाच हे करतात, कारण तेव्हाच बोट सगळीकडे फिरते. म्हणजे चहूकडे नुसतं पाणी, आणि बघायला काय तर स्क्रीनवर सरकणारी तळाची रेघ.

त्या दिवशी आम्ही उजनीत, करमाळ्याच्या अंगाला, डिकसळ पुलाच्या खालच्या बाजूला होतो. आमचा इको साउंडर, म्हणजे प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र, ड्युअल फ्रिक्वेन्सीचा, दोन वेगळ्या आवाजांचा होता. २०० किलोहर्ट्झचा आवाज मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच परत येतो आणि ३३ चा गाळात घुसून खालच्या टणक जमिनीपर्यंत जातो, त्यामुळे गाळ असला की स्क्रीनवर दोन रेघा दिसतात आणि मधलं अंतर म्हणजे ढोबळमानाने गाळाची जाडी. सकाळपासून दोन्ही रेघा आपापल्या चालल्या होत्या, आणि एका ठिकाणी तळ एकदम वर आला, दोन्ही रेघा एकमेकींना चिकटल्या, माथा सपाट, मग परत खाली उतार आणि परत दोन रेघा. दोन्हीकडचा उतार अगदी सारखा. पुढच्या लाइनवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या फेरीत, तेच, जरासं सरकून. त्याच्या पुढच्या लाइनवर पण तेच. निसर्ग असं काही करत नाही.

बोट चालवणारे तात्या तिथलेच, मासेमारीत आयुष्य गेलेलं. मी सारखा स्क्रीनवर वाकतोय हे बघून म्हणाले, "त्यो रुळाचा भराव हाय सायेब. हितं जाळं अडाकतंय. आमी खोल सोडतच न्हाय हितं."

"तुम्ही गाडी जाताना पाहिलीय इथून?"

"मग! पोमलवाडीला ठेसन हुतं की. बाजाराला गाडीनंच जायाची माणसं."

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची पुण्याहून डिकसळपर्यंतची लाइन डिसेंबर १८५८ मध्ये सुरू झाली, आणि भीमा ओलांडून बार्शी रोड म्हणजे आताच्या कुर्डुवाडीपर्यंतचा तुकडा ऑक्टोबर १८५९ मध्ये, म्हणजे मधले जवळजवळ दहा महिने डिकसळ हेच शेवटचं स्टेशन. मुंबई-मद्रास गाड्या मग शंभरावर वर्षं याच भरावावरून पळाल्या. १९६९ ला उजनीचं काम सुरू झालं, १९८० ला संपलं, आणि लाइन वरच्या अंगाला हलवावी लागली, आता जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे अशी जाते ती. नदीवरचा जुना दगडी पूल तेवढा राहिला आणि इंदापूर-करमाळा रस्त्याच्या कामी आला. हे सगळं मला वाचून माहीत होतं, पण वाचणं वेगळं आणि आपल्या बुडाखाली भराव लागणं वेगळं.

ऑफिसला फोन करून त्या पट्ट्यात जास्तीच्या लाइन्स मागितल्या, जवळजवळच्या, भरावाला आडव्या. संध्याकाळी सगळे उंचवटे नकाशावर टाकले तर मात्र गोंधळ. काही ओळीत बसत होते, काही भलतीकडेच, आणि मध्ये एक मोठा तुकडा असा की तिथे उंचवटाच नाही. बुडालेल्या शिवारात काय एकच बांध असतो का, शेताच्या ताली असतात, गाडीवाटा असतात, नाल्याचे बांध असतात, आणि पाण्याखाली सगळे सारखेच दिसतात.

इथे कामाला आली ती माथ्याची उंची, शेजारच्या जमिनीपासूनची नव्हे तर एका ठरलेल्या पातळीपासून मोजलेली, आमच्या भाषेत आरएल. ताल जमिनीच्या समपातळीनं वळत जाते. गाडीवाट चढते-उतरते, बैलाला काय. पण रेल्वेला चढ सोसत नाही आणि झटकन वळणही सोसत नाही, म्हणून इंजिनियर खोलगट जागी भराव घालतात, उंच जागी डोंगर कापतात आणि उतार कसा एकसारखा ठेवतात. मग सगळ्या माथ्यांचे आरएल अंतराप्रमाणे ग्राफवर मांडले. खरे रेल्वेचे जे होते ते एका सरळ रेषेत येऊन बसले आणि बाकीचे आपोआप बाजूला पडले. टेबलावर अर्धा तास लागला असेल, पण दिवसभराच्या उन्हाचं सार्थक झालं!

राहिला तो गायब तुकडा. तिथलं रेकॉर्डिंग परत काढून बघितलं. २०० ची रेघ सपाट, काहीच नाही. पण ३३ ची रेघ एका जागी खाली दबलेली, आणि शेजारच्या लाइनवर पण दबलेली. कटिंग! मूळ जमीन तिथे उंच होती म्हणून कापून लाइन नेलेली, आणि इतक्या वर्षांत गाळानं तो चर काठोकाठ भरून टाकलेला. चराच्या तळाचा आरएल ग्राफवर टाकला तर त्याच रेषेवर, वर ना खाली. भराव शोधणारा माणूस अशा जागी हमखास परत फिरतो, कारण तो उंचवटा शोधत असतो. (३३ चा बीम रुंद असतो, त्यामुळे कटिंगच्या कडा गोलसर दिसतात. रुंदी त्यावरून कुणी काढू नये.)

दुसऱ्या दिवशी तात्यांना प्रिंट दाखवली. भरावात एका ठिकाणी खाच दिसत होती, तिच्यावर बोट ठेवून ते लगेच म्हणाले, "ही मोरी. उन्हाळ्यात पाणी लई हटलं की उघडी पडती." बोटीतून उतरल्यावर पोरांना दाखवायला म्हणून त्यांनी प्रिंटचा मोबाईलवर फोटो पण काढून घेतला.

ऑफिसला यातलं कौतुक बेताचंच, आणि त्यांचं पण बरोबर आहे, त्यांना धरणात पाणी किती मावतं ते हवं असतं. पण त्यासाठीसुद्धा हे लागतंच. धरणाआधीचे कंटूर नकाशे, म्हणजे समान उंचीच्या रेषांचे, ढोबळ, त्यात एवढासा भराव बहुतेक वेळा येतच नाही, आणि जुन्या नकाशातून नवा वजा केला की सॉफ्टवेअर भरावाची सगळी माती गाळ म्हणून मोजतं. कटिंगचं उलटं, तिथे खरा गाळ असून हिशेबात कमी धरला जातो. म्हणून तो पट्टा वेगळा काढून, त्याचा हिशेब स्वतंत्र करून दिला. पोमलवाडीकडचा पुढचा भाग दुसऱ्या टीमकडे आहे, त्यांना उतार आणि शेवटचा आरएल पाठवलाय आणि तिथे लाइन्स जवळ घ्या म्हणून सांगितलंय.