नेट चालतंय, पण गाठ पडत नाही

"वायफाय तर दोन्हीकडे फुल दाखवतंय, मग एक कॉम्प्युटर दुसऱ्याला दिसत का नाही?" तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये वीस वर्षं काढली, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात आणि एकदा तर दशक्रियेच्या घाटावरही विचारला गेलाय.

फुल रेंज म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरचं आणि राउटरचं बरं चाललंय, एवढंच. शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरबद्दल त्या पट्ट्या काहीही सांगत नाहीत. यूट्यूब चालतंय, याचाही या प्रश्नाशी संबंध नाही. बाहेरगावी फोन लागतो म्हणून घरातल्या घरात बोलणं होतंच असं कुठे असतं?

थोरल्या वहिनींच्या घरची गोष्ट सांगतो, कारण तिथे एका घोटाळ्यात तीन घोटाळे होते. वहिनी इन्कम टॅक्सची कामं करतात. बाहेरच्या खोलीत डेस्कटॉप, त्यात सगळ्या पक्षकारांचे फोल्डर. आतल्या खोलीत लॅपटॉप, त्यावर बसून काम. जुलैचा शेवटचा आठवडा, आणि फोन आला, "भावोजी, फोल्डर उघडत नाही हो. नेट व्यवस्थित आहे. मी दोन्ही चारदा बंद-चालू केले."

जाऊन बघतो तर आठवड्यापूर्वी फायबरची नवी लाइन आलेली. लाइनवाल्याने दिलेला राउटरचा डबा बाहेरच्या खोलीत. जुनं घर, हातभर जाडीच्या भिंती, आत रेंज पोचेना. म्हणून पुतण्याने जुना राउटर माळ्यावरून काढून केबलने आतल्या खोलीत जोडला आणि हुशारी करून दोन्हीकडे वायफायचं नाव अन् पासवर्ड एकच ठेवला. त्यामुळे दोन्ही कॉम्प्युटर छातीठोकपणे एकच नाव दाखवत होते. वहिनींचं काय चुकलं?

अशा वेळी नावावर जायचं नाही, पत्ता विचारायचा. काळी खिडकी म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' टाइप केलं. डेस्कटॉप म्हणाला १९२.१६८.१.७. लॅपटॉप म्हणाला १९२.१६८.०.१०३. तिसरा आकडा बघा, एकीकडे १ आणि दुसरीकडे ०. घरगुती राउटरच्या नेहमीच्या मांडणीत पहिले तीन आकडे जुळले तरच दोघं एका वाड्यात. इथे पाटी एक होती आणि वाडे दोन. आतला राउटर स्वतःच्या कुंपणात वेगळे पत्ते वाटत होता. अशा मांडणीत आतून बाहेर जाता येतं, म्हणून नेट चालतं. पण "मी इथे आहे" ही जी हाळी कॉम्प्युटर एकमेकांना देतात, ती कुंपण ओलांडत नाही. (पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला तर मात्र दुखणं वेगळं. त्या कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, त्याने आपल्या मनाने घेतलाय.)

उपाय सोपा, पण क्रम सांभाळायचा. आधी आतल्या राउटरची बाहेरून आलेली केबल काढली. ती लावून ठेवलीत तर पत्त्यांची टक्कर होते म्हणून बरेच राउटर अडून बसतात. मग त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला. बाहेरचा डबा वाटतो त्या पत्त्यांत हा नाही, एवढं आधी पाहून घेतलं होतं. मग त्याचं पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं. शेवटी केबल परत लावली, पण वॅनच्या म्हणजे बाहेरून येणाऱ्या नेटच्या खाचेत नाही, लॅनच्या म्हणजे घरातल्या यंत्रांच्या खाचेत. वॅनची खाच बहुधा वेगळ्या रंगाची असते आणि पुतण्याने रंग पाहूनच तिथे खोचली होती. आता राउटर नुसता भिंतीपलीकडचा कर्णा झाला. लॅपटॉपला नवा पत्ता मिळाला, १९२.१६८.१.११.

वहिनी म्हणाल्या, "झालं?" कसलं होतंय! लॅपटॉपवरून डेस्कटॉपला पिंग केलं, म्हणजे हाक मारून पाहिली, तर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. चार वेळा.

इथे लोक हात टेकतात, पण याच ठिकाणी एक गंमत बघण्यासारखी आहे. पिंग फसल्यावर लगेच 'एआरपी', एक जागा सोडून उणे चिन्ह आणि 'ए' टाइप करा. आपल्या कॉम्प्युटरला आसपास सापडलेल्या यंत्रांची यादी येते. त्यात १९२.१६८.१.७ च्या पुढे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या दिसल्या, म्हणजे पलीकडच्या यंत्राचा छापील नंबर मिळाला. याचा अर्थ डेस्कटॉप घरात आहे, कडी वाजलेली त्याला ऐकू येते, तो दार उघडत नाही इतकंच. वायफाय निर्दोष सुटलं, दोष पहारेकऱ्याचा. तेच 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं असतं आणि यादीत नाव नसतं, तर मी परत केबलकडे वळलो असतो.

पहारेकरी म्हणजे फायरवॉल. लाइन नवी, म्हणून डेस्कटॉपसाठी नेटवर्कही नवं, आणि नव्या नेटवर्कला विंडोज परकं धरतं. सेटिंगमध्ये जाऊन त्या नेटवर्कचं 'पब्लिक' बदलून 'प्रायव्हेट' केलं, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू केलं, आणि पिंगला उत्तर आलं. एस्टी स्टँडच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर हे करू नका. तिथे परकं असणंच बरं.

व्हिडिओत पाहून काही जण फायरवॉलच बंद करतात. त्यावर कडी म्हणजे एसएमबी १ नावाची, फाइली वाटून घ्यायची जुनी सोय पुन्हा चालू करतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते याच एसएमबी १ मधल्या भगदाडातून. दुरुस्ती त्याआधी मार्चमध्येच आली होती, ज्यांनी घेतली नव्हती ते सापडले. त्याच वर्षापासून विंडोज १० च्या नव्या मांडणीत ही सोय मुळात बंदच येते. घरातले कॉम्प्युटर जोडायची विंडोजची जुनी सोय, होमग्रुप, तीही २०१८ मध्ये गेली. तेव्हा जुन्या वहीतली कृती पाहून होमग्रुप शोधत बसू नका.

उरला तिसरा घोटाळा. विंडोजच्या 'रन' चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे १९२.१६८.१.७ टाइप केलं, तर नाव-पासवर्ड मागितला. आधी डेस्कटॉप नावाने उघडत होता, तेव्हाचा पासवर्ड त्या नावाखाली जपलेला. आकड्यांनी गेलो तर ओळख नवी. वहिनींनी रोजचा चार आकड्यांचा पिन टाकला. नाही. परत टाकला. नाही.

"अहो, हाच आहे! सकाळीच उघडला मी."

पिन त्या एका यंत्रापुरता असतो, वहिनी. लांबून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्डच लागतो. जवळजवळ प्रत्येक घरात शेवटी घोडं इथेच पेंड खातं, आणि लोक शिव्या मात्र वायफायला घालतात.

पासवर्ड कालनिर्णयच्या मागे सापडला, दुधाच्या हिशोबाशेजारी. फोल्डर उघडले.

तुमच्याकडे पत्ते जुळत असूनही यादीत दुसरं यंत्र येत नसेल, तर दोघांपैकी एक 'गेस्ट' नावाच्या वायफायवर नाही ना, ते बघा. पाहुण्यांना घरच्यांशी बोलू द्यायचं नाही, हाच त्याचा उद्देश. काही राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' असाही एक खटका असतो, तोही तेच करतो. एक २.४ वर आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झवर असला तरी बिघडत नाही, नेटवर्क एक असलं म्हणजे झालं. आणि मायक्रोवेव्ह लावल्यावरच तुटत असेल तर २.४ सोडून ५ वर जा.

निघण्यापूर्वी बाहेरच्या डब्यात १९२.१६८.१.७ हा पत्ता डेस्कटॉपच्या नावाने राखून ठेवला, नाहीतर वीज गेल्यावर कधीतरी ७ चा ९ झाला असता आणि मला परत बोलावणं आलं असतं. तो आकडा वहिनींनी कालनिर्णयच्या मागे लिहून घेतला. पासवर्ड मात्र मी खोडायला लावला.