तुम्ही विचारलंत म्हणून: वरचं दूध

"मॅडम, तुम्ही मायक्रोबायॉलॉजी शिकवता, मग स्वतःच्या मुलीला वरचं दूध कसं दिलंत?" स्टाफरूममध्ये, बारशाला, लोकलच्या डब्यात, सहा वर्षं हेच ऐकतेय. आता एकदाच सांगते.

आईच्या दुधातलं पाणी सोडलं, तर लॅक्टोज आणि स्निग्धांशाच्या खालोखाल ऑलिगोसॅकराइड नावाच्या शर्करा असतात, दीडशेहून जास्त प्रकारच्या. बाळाला त्या पचत नाहीत, बाळाच्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंना पचतात. गाईच्या दुधात त्या अगदी थोड्या. म्हणजे बाळंतीण अंगातली ताकद खर्चून जिवाणूंना जेवू घालते, आणि उत्क्रांतीत हा खर्च टिकून राहिला. 2016 साली माणूस, चिंपांझी, बोनोबो आणि गोरिला यांच्या आतड्यातले जिवाणू ताडून पाहिले, तेव्हा त्यातली काही कुळं आपल्या पूर्वजांबरोबरच वेगळी होत आल्याचं दिसलं. हा वंशवृक्ष मी दरवर्षी फळ्यावर काढते. पूर्वी वर म्हणायचेही, "म्हणून आईच्या दुधाला पर्याय नाही."

मग माझं सिझर झालं. अँटिबायोटिक सुरू, दूध उतरेना. चेंबूरच्या त्या नर्सिंग होममधली तिसरी रात्र. शेवटची लोकल गेली. मुलगी रडून रडून थकली आणि एकदम गप्प झाली. त्या गप्पपणाने माझे हातपाय गळाले. वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलेलं. आई अळिवाची खीर घेऊन उशाशी बसलेली, मी तिच्यावरच ओरडले. सिस्टर म्हणाली, "ताई, तुमच्या दुधाचं उद्या बघू, आधी तिच्या पोटात काहीतरी जाऊ दे." वाटी-चमच्याने तीस मिली पाजलं. पिऊन झोपली.

सायनच्या हॉस्पिटलात 1989 पासून मातृदुग्ध पेढी आहे, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध बाळांसाठी साठवणारी बँक, आशियातली पहिली. वर्गात सांगते मी. त्या रात्री आठवलीसुद्धा नाही.

"तेव्हा डोक्यात बायफिडोबॅक्टेरिया कुठून येणार?" असं मी विचारणाऱ्यांना सुनावते. खोटं आहे ते. प्रत्येक चमच्याला डोक्यात तेच होते.

पाचव्या दिवशी दूध आलं. पुरेसं नव्हतं, दोन्ही चालू ठेवलं. आजही तिला सर्दी-खोकला झाला की मी ती रात्र मोजायला बसते. त्यातून काही सिद्ध होत नाही, हे मीच शिकवते, तरी.

यंदा वंशवृक्ष काढला, 'पर्याय नाही' म्हटलं नाही. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. तिच्या वहिनीचे दिवस भरत आलेत. "मॅडम, वरचं दूध चालतं ना?"

"जगवतं," मी म्हणाले. तिला 'चालतं' ऐकायचं होतं.