डोळ्याचे थेंब आणि गुरुजींचा दमा

कराडला आमचं मेडिकल आहे, मी फार्मासिस्ट, काउंटरवर एकोणीस वर्षं झाली. हा किस्सा मागच्या हिवाळ्यातला, पण अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

आमच्याकडे एक रिटायर्ड गुरुजी येतात, वय सदुसष्ट. दमा जुना, पण ताब्यात होता. रोज सकाळी नदीकाठी प्रीतिसंगमापर्यंत चालत जायचे, येताना दुकान उघडं असलं की दोन मिनिटं बोलून जायचे. सकाळ-संध्याकाळ घ्यायचा एक इन्हेलर आणि दम लागला तर घ्यायचा सालब्युटामॉलचा पंप. या पंपात २०० पफ असतात आणि गुरुजींना तो वर्षभर पुरायचा.

दसऱ्यानंतर काहीतरी बिघडलं. पंप न्यायला वरचेवर यायला लागले, चालणं बंद, पायरी चढली तरी धाप. दिवाळीत म्हणाले फटाक्यांचा धूर, मग कारखाने सुरू झाले, पाचट पेटवायला लागले, म्हणाले हंगामाचा धूर. मलाही ते पटलं, कारण हंगामात आमच्याकडे दम्याचे पेशंट वाढतातच. छातीच्या डॉक्टर मॅडमनी रोजच्या इन्हेलरचा डोस दोनदा वाढवला, पंपाला स्पेसर, म्हणजे औषध नीट आत जावं म्हणून जोडायची नळी, लावून घ्यायला शिकवलं, चुळा भरायला सांगितलं, गुरुजी सगळं अगदी वेळच्या वेळी करत होते आणि तरी फरक शून्य.

नोव्हेंबरच्या शेवटी ते चौथा पंप मागायला आले. मी कॉम्प्युटरवर बिलं बघितली, सात आठवड्यांत तीन पंप, म्हणजे ६०० पफ, म्हणजे दिवसाला बारा. तीनही पंप मीच दिलेले, चिठ्ठी होती म्हणून देत गेलो, बेरीज एकदाही केली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

"गुरुजी, एवढं लागतंय?" म्हटलं तर त्यांनी पिशवीतून घडी केलेली कॅलेंडरची पानं काढली, प्रत्येक पफची पेन्सिलीने रेघ मारलेली. सप्टेंबरात आठवड्याला दोन-तीन रेघा, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून एकदम गर्दी, चौकटीत मावत नव्हत्या. मी बघतोय तोवर त्यांनी एक रिकामी बाटली काउंटरवर ठेवली, म्हणाले ही पण एक द्या, डोळ्याची, इथं मिळते का? टिमोलॉल ०.५ टक्के, दिवसातून दोनदा.

मी विचारलं, कधीपासून घालताय? तर म्हणाले दसऱ्यानंतर, काचबिंदू निघाला, डोळ्याच्या डॉक्टरांनी दिली. दम्याचं सांगितलं होतं का? "अरे डोळ्याला आणि दम्याला काय संबंध, त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

संबंध आहे, आणि फार मोठा. टिमोलॉल हा बीटा ब्लॉकर, ब्लड प्रेशरला देतात त्या जातीचं औषध. डोळ्यात घातलेला थेंब अश्रूनलिकेतून नाकात उतरतो, तिथून थेट रक्तात जातो, गोळीसारखा आधी लिव्हरमधून जात नाही. श्वासनळ्या मोकळ्या ठेवणारे जे रिसेप्टर असतात, म्हणजे पेशींवरच्या औषध पकडणाऱ्या जागा, तेच तो अडवतो, आणि सालब्युटामॉल काम करतं तेही त्याच रिसेप्टरवर. म्हणजे गुरुजी दिवसाला बारा पफ मारत होते ते कुलूप लावलेल्या दारावर.

तरी बाटली लगेच बंद करा असं मी म्हणालो नाही, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. तिथूनच मॅडमना फोन लावला. त्या क्षणभर गप्पच झाल्या, मग म्हणाल्या त्यांना आत्ता पाठव, बाटली आणि कॅलेंडर सोबत दे. त्यांनी स्वतः डोळ्याच्या डॉक्टरांशी बोलून त्याच संध्याकाळपासून टिमोलॉल बंद केलं, बदल्यात लॅटानोप्रोस्ट, रात्री एकच थेंब. त्या दिवशी गुरुजींचा पीक फ्लो, म्हणजे जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते तो आकडा, १९० होता, पूर्वी तब्येत चांगली असताना ३६० असायचा.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला, रात्री झोप लागली, उठून बसावं लागलं नाही. दोन आठवड्यांनी पीक फ्लो ३३०. हंगाम तसाच चालू होता, धूर तसाच होता. मॅडमनी वाढवलेला डोस मात्र लगेच कमी केला नाही, तीन महिने नीट काढा मग बघू म्हणाल्या आणि मार्चमध्ये एक पायरी खाली आणला. डोळ्याचं प्रेशरही नवीन थेंबांवर ताब्यात आहे.

मी आता नवीन पेशंट डोळ्याचे थेंब न्यायला आला की दमा आहे का विचारतो, कुणी वैतागतात पण मी विचारतोच. आणि पंप कमी दिवसांत परत मागितला तर आधी जुनी बिलं उघडतो.

गुरुजी एप्रिलमध्ये सकाळी दुकानात आले, प्रीतिसंगमावरून, घामेजलेले, पण बोलताना मध्ये थांबत नव्हते. कॅलेंडरचं पान दाखवायला आणलं होतं, अख्ख्या महिन्यात चार रेघा.