उडी कमी पडते

आमच्या गेममधली मुलगी तीन ठोकळे उंच उडते. त्या शनिवारी पाच जणांना प्लेटेस्टसाठी, म्हणजे आमच्यासमोर गेम खेळून बघण्यासाठी, बोलावलं होतं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत खेळून झालेल्या तिघांच्या नोंदींत एकच वाक्य होतं: उडी कमी पडते. उडीची उंची म्हणजे कोडमधला एक आकडा. तो वाढवायला दहा सेकंद पुरतात, आणि तीन अनोळखी माणसं एकच गोष्ट सांगत असली की हात आपोआप तिकडे जातो. आम्ही तो आकडा तसाच ठेवला. तिन्ही तक्रारींची मुळं वेगवेगळ्या ठिकाणी निघाली, आणि उंचीत त्यांपैकी एकही नव्हतं.

गेम एका दगडी बारवेत घडतो. पाणी चढवायचं, उतरवायचं आणि पायऱ्या-कोनाड्यांतून वाट काढायची. आम्ही दोघंच आहोत: कोड मी लिहिते, चित्रं आणि आवाज सहकारी करतो. पाचही जण ओळखीच्या ओळखीतले, पण आमच्याशी थेट संबंध नसलेले निवडले होते. घरचे आणि जवळचे मित्र ‘छान झालंय’ म्हणतात. ते मनापासून म्हणतात, पण त्यावरून एकही ओळ बदलता येत नाही.

बिल्ड, म्हणजे गेमची खेळता येणारी प्रत, आदल्या रात्रीच गोठवला होता. त्याचा नंबर, ४१, स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कायम दिसत होता, नाहीतर महिन्याभराने रेकॉर्डिंग बघताना हा कुठला बिल्ड होता हे आठवत नाही. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर स्क्रीन आणि माइक, आणि एक जुना फोन फक्त हातांवर रोखलेला. रेकॉर्डिंगची परवानगी आधी लेखी घेतली. प्रत्येकाला ४५ मिनिटं: २५ खेळायला, १० बोलायला, १० पुढच्याची तयारी करायला. गेम स्वतः एका सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे साध्या तक्त्यात, वेळ, खोली, जागा आणि घटना लिहीत होता. त्यात आम्ही नाकारलेल्या उड्याही नोंदवत होतो, म्हणजे बटण दाबलं पण उडी झाली नाही असे क्षण. आमचा निम्मा उलगडा या एका जास्तीच्या ओळीने झाला.

पहिली खेळाडू सहाव्या खोलीत अडकली. समोरचा कठडा चार ठोकळ्यांवर, उडी तीनची. अपेक्षित मार्ग असा: उजवीकडचा रहाट फिरवायचा, डावीकडच्या हौदात पाणी दोन ठोकळे चढतं, तरंगता ओंडका वर येतो, त्यावरून कठड्यावर. तिने रहाट दुसऱ्याच मिनिटाला फिरवला, आणि पुढची पाच मिनिटं कठड्याखाली उड्या मारत राहिली.

अशा वेळी मागे गप्प बसणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. उत्तर जिभेवर असतं. पण गेम विकत घेणाऱ्याच्या घरी त्याच्या खुर्चीमागे आम्ही असणार नाही, म्हणून नियम ठरलेला होता: पाच मिनिटं काहीच बोलायचं नाही, मग फक्त विचारायचं, ‘आता काय करून बघावंसं वाटतंय?’ तरीही वाट सापडली नाही, तर एफ-नाइन ही कळ दाबून पुढची खोली उघडून द्यायची. तिला पुढची खोली उघडून दिली. नंतर बोलताना ‘आवडलं का?’ हा प्रश्न आम्ही विचारत नाही, कारण त्याचं उत्तर सभ्यपणाचं येतं. मी विचारलं, ‘सहाव्या खोलीत त्या रहाटाने काय झालं?’ ती म्हणाली, ‘काही नाही. शोभेचा आहे ना तो?’

रेकॉर्डिंग लावल्यावर कारण समोर आलं. रहाट आणि हौद यांत २६ ठोकळ्यांचं अंतर, आणि आमच्या कॅमेऱ्यात आडवे २० ठोकळे मावतात. पाणी दीड सेकंदात चढलं ते तिच्या स्क्रीनबाहेर. मी खोल्या रचते त्या एडिटरमध्ये मात्र अख्खी खोली एका नजरेत दिसते, म्हणून वर्षभरात मला हे एकदाही खटकलं नव्हतं.

दुसऱ्याच्या वेळी आधी आमचीच चूक निघाली. सेव्हचं फोल्डर पुसलं होतं, तरी त्याला सुरुवातीच्या सूचना दिसल्याच नाहीत. ‘सूचना दाखवून झाल्या’ ही खूण मी युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या प्लेयरप्रेफ्समध्ये, म्हणजे छोट्या सेटिंग्ज साठवायच्या सोयीत, ठेवली होती, आणि विंडोजवर प्लेयरप्रेफ्स रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या साठ्यात, जातात. फोल्डर पुसून ते जात नाहीत. त्यामुळे त्याच्या पहिल्या दोन खोल्यांची नोंद बाद केली. आता सेव्ह आणि सगळ्या खुणा एकत्र पुसणारं एकच बटण चाचणीच्या बिल्डमध्ये असतं.

हा दुसरा खेळाडू चौथ्या खोलीत, दरीवरून उडी घेताना पुन्हा पुन्हा पडला. हातांच्या कॅमेऱ्यात दिसत होतं की तो बटण दाबतोय. लॉगमध्ये, म्हणजे गेमच्या त्या सीएसव्ही फाइलमध्ये, ११ प्रयत्नांपैकी ८ वेळा बटण जमीन सुटल्यानंतर ३ ते ५ फ्रेमनी (स्क्रीनवर सेकंदाला ६० चित्रं येतात, त्यातलं एकेक म्हणजे फ्रेम) आलं होतं, म्हणजे साधारण ५० ते ८३ मिलिसेकंद उशिरा, आणि गेमने ती उडी नाकारली. पण त्याचे डोळे त्याला खोटं सांगत नव्हते. चित्रातली मुलगी एक ठोकळा रुंद आहे, तिचा कोलायडर, म्हणजे गेम टक्कर मोजतो तो अदृश्य चौकोन, मात्र ०.६. धावताना कोलायडर काठावरून सुटतो तेव्हा तिची टाच ०.२ ठोकळा अजून काठावर दिसते. सेकंदाला ५ ठोकळ्यांच्या वेगाने हा फरक ४० मिलिसेकंदांचा होतो, आणि उरलेला उशीर माणसाच्या बोटाचा. यावरचा उपाय गेम बनवणाऱ्यांना माहीत आहे, त्याला कोयोटी टाइम म्हणतात: काठ सुटल्यावरही क्षणभर उडी मान्य करायची. आमच्या यादीत तो होता, ‘नंतर करू’ या रकान्यात.

तिसरा स्वतः गेम बनवणारा आणि स्वतःचा लॅपटॉप घेऊन आलेला. तो दुसऱ्याच खोलीत अडला, जिथे बाकी कोणी अडलं नव्हतं. उडी कमी पडते असं तोही म्हणाला, पण जाताना त्याने लिहून दिलेली नोंद अशी होती: ‘बिल्ड ४१. दुसरी खोली, तिसरी पायरी, ९ प्रयत्न. बटण धरून ठेवलं तर वरच्या खिळ्यांना लागतो. लवकर सोडलं तर पायरीच्या अर्धा ठोकळा खाली राहतो. मधलं काही मिळत नाही. स्क्रीन १४४ हर्ट्‌झ. मला वाटलं होतं की अर्ध्या उडीत पोचेन.’ कुठे, किती वेळा, काय केलं, काय झालं, काय अपेक्षित होतं, कशावर. उपाय एकही सुचवला नव्हता. अभिप्राय देणाऱ्याने कसं लिहावं हे कोणी विचारलं तर मी हीच चिठ्ठी दाखवते.

त्यातल्या १४४ या आकड्यावर मी थांबले, म्हणजे त्याची स्क्रीन सेकंदाला १४४ फ्रेम दाखवते. बटण सोडलं की वर जाण्याचा वेग मी दर फ्रेमला ०.९ ने गुणत होते, अपडेटमध्ये, म्हणजे प्रत्येक फ्रेमला एकदा चालणाऱ्या कोडमध्ये. आमच्या ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर दशांश सेकंदात ६ गुणाकार होतात आणि वेग ५३ टक्के उरतो. त्याच्या लॅपटॉपवर तेवढ्याच वेळात १४ होतात आणि उरतो २३ टक्के. त्याच्या मशीनवर अर्धी उडी खरोखरच बुटकी होती, आणि बटण धरून मारलेली पूर्ण उडी अगदी बरोबर.

दुपारी उंची साडेचार केली असती, तर पहिलीने कठडा सहज गाठला असता आणि रहाट कायमचा शोभेचा राहिला असता. नवव्या खोलीतलं पाण्याचं कोडं वरून उडी मारून टाळता आलं असतं. तिसऱ्याचं डोकं खिळ्यांवर आणखी जोरात आपटलं असतं. खेळणाऱ्याला दुखतंय कुठे हे तोच सांगणार, आणि त्यात तो चुकत नाही. औषध मात्र आपण शोधायचं असतं.

सुट्टीत दोनच बदल केले: रहाट हौदापासून ११ ठोकळ्यांवर आणला आणि कोयोटी टाइम ०.१ सेकंद ठेवला. बिल्ड ४२. दिवसाच्या मध्येच बदल करावा का, यावर मतभेद आहेत. मायक्रोसॉफ्टमध्ये एज ऑफ एम्पायर्स २ च्या शिकवणीच्या भागावर अशीच पद्धत वापरली होती, दोष आणि उपाय स्पष्ट असला की पुढच्या खेळाडूआधीच दुरुस्ती, आणि २००२ मध्ये तिच्यावर निबंधही आला. आमची अट एवढीच की दोन बदल एकाच खोलीत नकोत, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. म्हणून अर्ध्या उडीची दुरुस्ती संध्याकाळवर ठेवली.

चौथीने रहाट फिरवला, हात थांबवला, पाण्याकडे बघितलं आणि ‘अच्छा!’ म्हणाली. सहावी खोली १ मिनिट ४० सेकंदांत पार. पाचव्याला २ मिनिटं १० सेकंद लागली, पण रहाट इतका जवळ आल्यामुळे तो फिरवून पाणी चढायच्या आत ओंडक्यावर धावला आणि वरच्या तुळईत चिणला गेला. आमच्याच दुरुस्तीतून आलेला हा नवा दोष.

संध्याकाळी गुणाकार फिक्स्डअपडेटमध्ये नेला. तिथे फ्रेम कितीही असोत, सेकंदाला ५० फेऱ्या होतात, म्हणून ०.९ चा ०.८८ केला, नाहीतर आमच्या मॉनिटरवर सवयीची झालेली उडीच बदलली असती. तुळईही दोन ठोकळे वर नेली. मग पाचही जणांना, त्यांच्या नोंदीमुळे नेमकं काय बदललं ते एकेका ओळीत कळवलं. तिसऱ्याला बिल्ड ४३ पाठवला आणि फक्त दुसरी खोली खेळायला सांगितली. बदल्यात त्याच्या पत्त्यांच्या गेमचा तासभर खेळून त्याच साच्यात नोंद लिहिली: कुठल्या डावाला, कुठला पत्ता, मला काय होईल वाटलं आणि काय झालं.

रात्री साडेदहाला त्याचं उत्तर आलं. ‘बिल्ड ४३. दुसरी खोली, दुसऱ्या प्रयत्नात पार. राहवलं नाही म्हणून पुढे खेळलो. चौथ्या खोलीत काठ सुटल्यावर मारलेल्या उडीनंतर हवेत अजून एक उडी मिळते. १० पैकी ४ वेळा.’ कोयोटीची वेळ उडी मारताच शून्य करायची राहून गेली होती. मी मशीन पुन्हा चालू केलं.