आईबाबांची शेंगेनची फाईल

युरोपचा शेंगेन व्हिसा (म्हणजे एकाच व्हिसावर युरोपातले बरेच देश) म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, खात्यात किती लागतात? काकांनी तर ऑफरच दिली, दोन लाख देतो, महिनाभर बाबांच्या खात्यात ठेव आणि व्हिसा लागला की परत कर. म्हटलं राहू द्या काका, स्टेटमेंटमध्ये दर महिन्याची पेन्शन दिसतेय आणि मध्येच दोन लाख टपकले तर कुठून आले असं वाटणारच ना समोरच्याला. ट्रिपपुरते पैसे दिसायला हवेतच, पण व्हिसा देणाऱ्यांना मुळात बघायचं असतं की ही माणसं फिरून गपचूप घरी येणार का.

नोकरीवाल्यांचं बरं असतं, ऑफिसचं रजा मंजुरीचं लेटर जोडलं की झालं. रिटायर्ड माणसाने काय जोडायचं? आम्ही बाबांची पेन्शनची ऑर्डर, फ्लॅटचे पेपर आणि गावच्या जमिनीचा सातबारा लावला, सातबारा मराठीत म्हणून सोबत इंग्रजी भाषांतर. कव्हर लेटरमध्ये पण सरळ लिहिलं की मुलगी, नातवंडं, घर सगळं इथेच आहे.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा यावर एजंटने डोकं खाल्लं. आमच्या जास्त रात्री स्वित्झर्लंडला, पॅरिसला कमी, तर हा म्हणे फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळतेय, कागदावर रात्री फिरवून टाकू. अजिबात करू नका असलं काही. जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज, सगळीकडे सारखाच असेल तर जिथे आधी उतरणार तिथे, इतकं सोपं आहे ते. (स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं.)

फी जून २०२४ पासून ९० युरो झालीय, सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. ट्रॅव्हल मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर लवकरच करा, कारण निर्णयाला नियमात १५ दिवस असले तरी ते ४५ पर्यंत लांबू शकतात.

बोटांचे ठसे देताना मात्र गंमत झाली. आईची बोटं मशीनवर उमटेचनात, इतकी वर्षं धुणीभांडी करून रेषा पार पुसट झाल्यात. काउंटरवरच्या मुलीने ओला टिश्यू दिला, बोटं पुसा, दाबून ठेवा, परत पुसा, मागे लाईन वाढतेय आणि आई तिला सांगतेय, "अगं आधारला पण असंच झालं होतं बघ." शेवटी उजवा अंगठा आला एकदाचा. हे ठसे साधारण पाच वर्षं चालतात म्हणे, म्हणजे मधल्या काळात परत अर्ज केला तर बहुतेक वेळा द्यावे लागत नाहीत.

व्हिसा आला, सिंगल एंट्री, म्हणजे एकदाच आत जाता येतं. स्टिकरवर फ्रॉम आणि अनटिलच्या तारखा असतात त्यात बरेच दिवस दिसतात, पण राहायचे दिवस खाली वेगळे लिहिलेले असतात, तेच धरायचे. आणि २०२४ पासून भारतीयांसाठी असं आहे की तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढे दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री मिळू शकतो. हे बाबांना सांगितलं तर ते आईकडे बघून म्हणाले, "म्हणजे अजून एकदा जावं लागणार तर."